बॉयलरकाकांची कोरफड

घड्याळात काहीही बिघाड नव्हता. घड्याळकाकूंनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि बघता बघता त्यांच्या ते लक्षात आलं. चाकं नीट फिरत होती, तेल ताजं होतं, धुळीचा कण नव्हता. त्यांनी झाकण परत दाबून बसवलं, घड्याळ काउंटरवर ठेवलं आणि डोळ्याचं भिंग न काढताच समोरच्या बाईकडे पाहिलं.

"याला काही झालेलं नाही. तुम्हाला काय हवंय ते सांगा."

बाई ओशाळली. पस्तिशीची असेल, कपडे नीटनेटके, पण नखांत माती. मघापासून तिचं लक्ष घड्याळाकडे नव्हतंच. काकूंच्या खांद्यावरून ती मागच्या खिडकीत बघत होती, जिथे एका छोट्या मातीच्या कुंडीत मुठीएवढी कोरफड बसली होती.

"काकू, मी बागेतून आले. काचघराचं काम माझ्याकडे असतं. ती कोरफड..."

"केसांना लावायला मिळायची नाही."

हे उत्तर काकूंच्या जिभेवर तयारच असे. कोरफड म्हटलं की लोकांना आधी गर दिसतो, आणि अर्ध्या गल्लीने तो मागून झाला होता. खरं तर या कोरफडीत गर म्हणावा असं काही नव्हतंच. पान करंगळीएवढं, गडद हिरवं, अंगावर पांढरे ठिपके, कडेला बारीक पांढरे दात. दातांचा आव मोठा, पण बोट फिरवलं तर टोचत नसत. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नणंदेने एकदा हट्टाने एक पान नेलं होतं. थेंबभर पाणी निघालं. ते गालाला लावून ती खाली आली आणि म्हणाली, "वहिनी, तुझी कोरफड तुझ्यासारखीच आहे. हातून काही सुटत नाही."

काकूंचं आयुष्य या दुकानात गेलं होतं. दुकान वडिलांचं. वडिलांना मुलगा नव्हता, आणि असता तरी त्याला हिच्यासारखा हात लाभला नसता, असं ते स्वतःच गिऱ्हाइकांना ऐकवत. केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने उचलून जागेवर बसवताना काकूंचा श्वास थांबत असे, हात कधी थांबत नसे. आपल्या कामाचा त्यांना अभिमान होता आणि तो लपवण्याची त्यांना कधी गरज वाटली नाही. भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांत एकच वेळ दिसायला हवी, हा त्यांचा दंडक. एखादं मागे पडलं तर त्या त्याला पाहुण्यांसमोर रागावत.

नवरा मात्र अगदी उलटा. बागेच्या काचघराला ऊब देणारा बॉयलर त्यांच्या ताब्यात होता, म्हणून ते सगळ्यांचे बॉयलरकाका. माळी लोक झाडांत वावरत, हे तळघरात काजळीत. अंगाला कोळशाचा वास, बोलणं बेताचं, मत विचारलं तर "बघू". काकूंचं त्यांच्यावर प्रेम होतं, पण चारचौघांत मिरवावा असा हा माणूस नाही, हे त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षातच मनाशी मान्य करून टाकलं होतं.

बागेची एक पद्धत होती. माणूस निवृत्त झाला की त्याला काचघरात नेत आणि म्हणत, तुम्हाला हवी ती कुंडी उचला. भाषण नाही, भेटवस्तू नाही, एक कुंडी. कुणी ताड नेला, कुणी फुलांनी लगडलेलं ऑर्किड. काकांची पाळी आली त्या दिवशी काकू चांगली साडी नेसून गेल्या होत्या. काका या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले आणि शेवटच्या फळीवरून कांद्याएवढं एक रोप उचलून आले. हेडमाळी म्हणाले, "अहो, मोठं काहीतरी घ्या, पोचवायला माणूस देतो." काका म्हणाले, "आमच्या खिडकीत हेच मावेल." माळी लोक हसले. मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या, पण हसले. परत येताना काकू रस्ताभर झपाझप पुढे चालत होत्या. मागून नवरा दोन्ही हातांत ती एवढीशी कुंडी धरून येत होता, आणि हा आपल्यासोबतचा आहे हे लोकांना कळू नये अशी काकूंची चाल होती.

काकांनी त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. कुंडी खिडकीत ठेवली आणि तिची चाकरी सुरू केली. पाणी अगदी मोजकं. दर वर्षी थंडी सरता सरता पानांच्या मधून एक दांडा डोकं वर काढी. तो दिसला रे दिसला की काका काकूंच्या पेटीतली बारीक कात्री मागून घेत आणि तो मुळाशी कापत. काचघरात त्यांनी घायपात पाहिला होता. वर्षानुवर्षं ढिम्म बसलेला तो घायपात एका मोसमात छताला टेकेल एवढा दांडा काढून फुलला आणि मग पानंपानं वाळून कोसळला. ते धूड ओढून बाहेर काढायला काकांनाही बोलावलं होतं. "ही जातच तसली," ते म्हणत. "फुललं की गेलं. आपल्याला फूल नको, झाड हवं."

काका गेले त्याला आता काही वर्षं झाली होती. दांडा दर वर्षी येत होता. काकू दर वर्षी तो कापत होत्या, त्याच कात्रीने. नवऱ्याचं म्हणून जे काही घरात उरलं होतं, त्यात जिवंत असं हे एकच होतं.

हे सगळं त्या बाईला कुठून माहीत असणार? ती चाचरत म्हणाली, "काकू, ही कोरफड जगात एकाच ठिकाणी सापडायची. एका डोंगराच्या कपारीत, सावलीत. तिथे आता खाण आहे, कपार उरली नाही. तिथून आलेली मूठभर रोपं आमच्या काचघरात होती. बॉयलरकाका निवृत्त झाले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एका रात्री बॉयलर बंद पडला. सकाळी बघितलं तर सगळी गारठून गेलेली. एकच वाचली."

"ह्यांच्या हातात होता तेव्हा एक दिवस बंद पडला नाही तो," काकू म्हणाल्या.

"मला माहीत आहे. अजून सांगतात तिथे."

काकूंनी डोळ्याचं भिंग काढलं. हे 'अजून सांगतात' त्यांना नवीन होतं. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि चहा टाकला.

चहा पिता पिता त्या बाईने, म्हणजे काकूंच्या डॉक्टरीणबाईने, पुढचं सांगितलं. ती झाडांची डॉक्टर आहे, माणसांची नाही, हे तिने आधीच स्पष्ट केलं, तरी काकूंनी तेच नाव चालू ठेवलं. त्या वाचलेल्या एका रोपाला पिल्लं फुटली, पिल्लांना पिल्लं फुटली. आज काचघरात त्यांचा ट्रे भरलेला होता आणि ती फुलतही होती. पण दाणा एकीलाही धरत नव्हता. कोरफडीला स्वतःचा पराग चालत नाही, आणि पिल्लं कितीही झाली तरी ती सगळी मिळून झाड एकच. आज एक रोग आला तर सगळी एकाच रोगाने जातील. बी हवं, तर दुसरं झाड हवं, त्याच कपारीतलं, पण वेगळं. हेडमाळ्यांना आठवलं, बॉयलरवाल्याने एक नेलं होतं. बाकी लोकांनी नेलेले ताड आणि ऑर्किडं कधीच मेली होती.

"म्हणजे आता ही हवी तुम्हाला," काकू म्हणाल्या.

"नको. इथेच राहू दे. फक्त फुलू दे तिला."

काकूंनी कप खाली ठेवला. "फुलली की मरेल. त्यापेक्षा घेऊन जा म्हणालात तरी बरं होतं."

डॉक्टरीणबाईला आधी काही कळेना. मग काकूंनी कात्रीची गोष्ट सांगितली तेव्हा तिला उलगडलं. "काकू, तो घायपात. तो एकदाच फुलतो आणि मरतो, काकांनी बघितलं ते खरंच. पण ही कोरफड. दिसायला भावंडं वाटतात, नातं मात्र लांबचंच. ही दर वर्षी फुलून जगते."

"चाळीस वर्षं काचघराखाली काढली त्या माणसाने," काकू म्हणाल्या, आणि घड्याळ तिच्या हातात देऊन टाकलं. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण बाई समजली आणि उठली.

नणंद जिन्यातूनच सगळं ऐकून होती. "बरं केलंस," ती म्हणाली. "दादाचा शब्द आहे तो."

पण काकूंना चैन पडेना. एखाद्या घड्याळाचा ठोका चुकतोय असं वाटलं की त्या उघडून बघेपर्यंत जेवत नसत, तसंच झालं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी दुकान बंद करून त्या बागेत गेल्या. काचघरात डॉक्टरीणबाईने त्यांना शेवटच्या फळीपाशी नेऊन उभं केलं. ट्रेमध्ये त्यांच्याच कोरफडीच्या बहिणी बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मधून वीतभर दांडा, त्यावर फिक्या गुलाबी, टोकाला हिरवट नळ्या खाली मान घालून लोंबत होत्या. त्याच दांड्यांच्या शेजारी गेल्या वर्षीचे आणि त्याच्या आधीचे वाळके दांडे कापल्याच्या खुणा होत्या. पानं टवटवीत. काकूंनी पिशवीतून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि एकेक खूण पाहिली.

म्हणजे ह्यांचं चुकलं होतं. ते ओठांवर आणायला त्यांना फार जड गेलं, पण त्या तसं म्हणाल्या. बाकी कशात नाही तरी या कुंडीच्या बाबतीत आपल्या माणसाला सगळं कळत होतं, असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या.

"चुकले कसे?" डॉक्टरीणबाई म्हणाली. "त्यांनी जगवायचं ठरवलं आणि जगवली. बागेतल्या एवढ्या माळ्यांना नाही जमलं ते."

त्या वर्षी काकूंनी कात्री पेटीतच ठेवली. दांडा वर आला, लांबला, कळ्यांनी जड झाला. नणंद दर सकाळी खाली येऊन बघायची आणि मान हलवायची. काकूही वरवर खंबीर होत्या, पण दुकानात गिऱ्हाईक नसलं की त्यांची खुर्ची आपोआप खिडकीकडे वळायची.

आणि मग खालची पानं मऊ पडली. आधी एक, दोन दिवसांत दुसरं. बोटाने दाबलं तर दबून तसंच राही. काकूंनी पेटी उघडली, कात्री हातात घेतली. दांडा अजून कोवळा होता, आत्ता कापला तर झाड कदाचित वाचेल. नणंद दारात उभी होती.

"काप, वहिनी. मी सांगत होते. दादा सांगत होता."

काकूंनी कात्री दांड्याला लावली आणि थांबल्या. घड्याळ बंद पडलं म्हणून कुणी काटे उपटत नाही, आधी झाकण उघडून बघायचं असतं. त्यांनी कात्री ठेवली आणि मातीत बोट घातलं. माती चिंब होती.

"वन्सं, पाणी कुणी घातलं?"

नणंद हळूच म्हणाली, "एवढी फुलायला निघाली, तहान लागत असेल तिला. मी आपलं रोज थोडं थोडं..."

"रोज?"

"दादाचं झाड आहे ते. तुझ्या हट्टापायी मेलं असतं तर मी कुणाकडे बघायचं होतं?" आणि म्हातारी जिन्यावरच बसून रडायला लागली.

काकूंना रागवायचं होतं, पण त्याला वेळ नव्हता. "रडू नका, चिमटा द्या," त्या म्हणाल्या. कामाच्या टेबलावर पांढरं कापड पसरलं, दिवा खाली ओढला, भिंग लावलं आणि कोरफड मातीतून सोडवली. घड्याळ उलगडतात तशी त्यांनी मुळं उलगडली. काळी पडलेली, बुळबुळीत मुळं निवडून कापली. पानांच्या बेचक्यात साचलेलं पाणी घड्याळातली धूळ उडवायच्या रबरी फुग्याने फुंकून काढलं. नणंद डोळे पुसत दिवा धरून उभी राहिली. झाड रात्रभर कोरड्या कापडावर आडवं ठेवलं, दांड्याला उशीसारखी कापसाची गुंडाळी दिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईने आणून दिलेल्या भरड, कोरड्या मातीत ते परत बसलं. त्यानंतर दोघींनी मिळून वाट बघितली. पाण्याच्या भांड्याला कुणी हात लावत नव्हतं.

मऊ पानं वाळली, पण वरची ताठ राहिली. आणि एका सकाळी सगळ्यात खालची कळी उघडली.

काचघरातली फुलं तोवर होऊन गेली होती, पण डॉक्टरीणबाईने त्यांचा पराग वाळवून थंडीत जपून ठेवला होता. ती तो नखाएवढ्या कुपीत घेऊन आली. कोरफडीच्या फुलात आधी केसर बाहेर येतात, पराग झाडतात आणि कोमेजतात. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मधली केसाएवढी दांडी लांब होऊन बाहेर येते, आणि तिच्या टोकावर बारीकसा चिकट थेंब चमकतो. पराग लावायला तेवढाच वेळ आपला. डॉक्टरीणबाईने कुंचला काढला तशी काकूंनी तिचा हात अडवला.

"कुंचल्याने सांडेल. एवढासा पराग आणलास आणि त्यातला निम्मा हवेत घालवशील. सांग काय करायचं ते, मी करते."

काकूंनी घड्याळात तेल घालायची सुई काढली. घड्याळात चाकाचा आस टेकतो त्या इवल्या दगडावर मोहरीच्या शतांशाएवढा थेंब ठेवायची ती सुई. तिच्या टोकावर पिवळा पराग उचलला, भिंगातून दांडीचं टोक शोधलं, आणि काकूंचा श्वास थांबला. हात थांबला नाही. पराग थेंबावर बसला आणि थेंबाने तो धरला.

"झालं?" नणंद विचारत होती.

"बोलू नका वन्सं, हलेल."

पुढचे किती तरी दिवस हेच चाललं. खालून वर एकेक फूल उघडत गेलं आणि काकू दुकान उघडायच्या आधी एकेकाला पराग लावत गेल्या. गिऱ्हाइकं बाहेर ताटकळली तर नणंद त्यांना सांगायची, "थांबा जरा, आत महत्त्वाचं काम चाललंय." तिच्या आवाजात आता वेगळाच तोरा आला होता.

बरीच फुलं गळली. काकू हिरमुसल्या, डॉक्टरीणबाई म्हणाली असंच असतं. पण काही नळ्या वाळून गळाल्या तेव्हा त्यांच्या जागी हिरवी बोंडं राहिली, मुगाएवढी, मग बोराच्या बीएवढी, तीन कप्प्यांची. नणंदेने जुन्या तलम ओढणीच्या पिशव्या शिवल्या, कारण बोंड पिकलं की तीन फाकांत फुटतं आणि बी वाऱ्यावर जातं. ती पिशव्या इतक्या नेटक्या शिवून आली की काकूंनाही कौतुक करावं लागलं, आणि ते त्या सहसा करत नसत.

पहिलं बोंड फुटलं तेव्हा दुकानात तिघी होत्या. पिशवी सोडली तशी पांढऱ्या कापडावर काळसर, चपट्या बिया पडल्या, कडेला पातळ पंख असलेल्या. या झाडाचं बी आजवर बागेत कुणी पाहिलंच नव्हतं. डॉक्टरीणबाई खाली वाकून बघत राहिली. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पहिल्यांदाच तिला नुसतं "पोरी" म्हणाल्या.

वर्षभराने बागेतून निरोप आला. काकू चांगली साडी नेसल्या, नणंदही. काचघराच्या त्याच शेवटच्या फळीवर नवा ट्रे होता आणि त्यात नखाएवढी रोपं दाटीने उभी होती. कुठलीही दोन सारखी नव्हती. कुणाला ठिपके जास्त, कुणाचे दात मोठे. ट्रेला पाटी होती: बॉयलरकाका × काचघर.

"ह्यांचं नाव आधी कसं?" काकूंनी विचारलं.

"ज्या झाडावर बी धरलं त्याचं नाव आधी लिहितात," डॉक्टरीणबाई म्हणाली. "सगळीकडे हाच नियम आहे."

काकूंनी पाटी वाचली, पुन्हा वाचली. मग म्हातारे हेडमाळी काठी टेकत पुढे आले. काकांनी कुंडी उचलली त्या दिवशी तेही हसले होते. "बॉयलरवाल्याने बरोबर उचललं होतं," ते म्हणाले. "आम्हाला दिसलं नाही." आणि बागेच्या पद्धतीप्रमाणे काकूंना सांगितलं, तुम्हाला हवं ते उचला. ताड होते, ऑर्किडं होती. काकू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरल्या आणि त्या ट्रेमधलं एक नखाएवढं रोप उचलून आल्या.

घरी जायला गल्लीतून जवळची वाट होती. काकूंनी मोठ्या रस्त्याची धरली. ती एवढीशी कुंडी दोन्ही हातांत, छातीशी धरून त्या सावकाश चालत होत्या, बाजारातून, बँकेवरून, ओळखीच्या प्रत्येक दुकानासमोरून. नणंद वैतागून पुढे जायची आणि परत मागे यायची. "वहिनी, पाय उचल की जरा."

"घाई कसली," काकू म्हणाल्या. समोरून ओळखीचा चष्मेवाला दुकानदार येत होता. त्याने विचारलं, "काकू, काय घेऊन चाललात?"

काकू थांबल्या. कुंडी त्याला नीट दिसेल अशी पुढे धरली.

"आमच्या ह्यांची आहे," त्या म्हणाल्या.